लग्न पाहावे महालात

ताईचा फोन आला तेव्हा मी दुपारचा चहा घेत होतो. "पुढच्या शुक्रवारी म्हैसूरला चल," ती म्हणाली. "पॅलेस बघायचाय."

"पाहिलाय मी. आठवीच्या सहलीत. चपला बाहेर काढून ठेवाव्या लागतात."

"बघायचाय म्हणजे ठरवायचाय. लग्नासाठी."

भाचीचं लग्न ठरलं होतं हे मला माहीत होतं. इन्फोसिसच्या म्हैसूरच्या आवारात ती प्रशिक्षणाला गेली आणि येताना जावई ठरवून आली. मुलगा म्हैसूरचाच. हळू बोलणारा, जेवायला बसल्यावर आधी दुसऱ्याच्या पेल्यात पाणी ओतणारा, थोडक्यात आमच्या घरात याचा निभाव कसा लागणार अशी काळजी वाटावी असा. लग्न मुलाच्या गावी करायचं ठरलं, कारण त्याच्या आजीला प्रवास झेपत नव्हता. इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग भाचीने लग्नाला 'हेरिटेज' जागा हवी असं जाहीर केलं.

आमच्या आजीचं लग्न साताऱ्याला वाड्याच्या चौकात झालं होतं. तो वाडा पुरातन होता, पण तेव्हा त्याला कोणी हेरिटेज म्हणत नसे, गळका म्हणत. आईचं लग्न कार्यालयात झालं, ताईचंही कार्यालयातच, आणि माझंही. कार्यालयाची गंमत अशी की सकाळच्या पाटीवरची नावं पुसून तिथेच संध्याकाळची नावं लावतात, आणि एखादा गैरहिशेबी पाहुणा दुपारी डुलकी घेऊन उठला तर भलत्याच जोडप्याला आहेर करून मोकळा होतो. भाचीला हे नको होतं. "मामा," ती मला म्हणाली, "आपल्यापैकी कोणाला कधी असं घर मिळणार आहे का? एक दिवस तरी राहू की." यावर मला काही बोलता आलं नाही. पुण्यात ती दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात वाढली होती.

तर आम्ही म्हैसूरला गेलो. हे गाव मराठी माणसाला परकं वाटत नाही, आणि त्याची सुरुवात नावापासून होते. महिषासुरावरून गावाचं नाव पडलं. २०१४ साली सरकारने ते अधिकृतपणे मैसूरु असं केलं, पण आपण मराठी लोक पहिल्यापासून म्हैसूर म्हणतो, म्हणजे नावातली म्हैस आपण जशीच्या तशी सांभाळली आहे. चामुंडी टेकडीवर एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात नाग धरलेला महिषासुराचा रंगीत पुतळा आहे. तो पाहून ताई म्हणाली की व्याह्यांकडच्या एका काकांच्या मिश्या थेट अशाच आहेत. मी इकडेतिकडे पाहिलं. ते काका मागेच उभे होते, पण त्यांना मराठी येत नव्हतं.

गावातला मुख्य रस्ता सयाजीराव रस्ता. बडोद्याचे आपले सयाजीराव गायकवाड, त्यांच्याच नावाचा. दसऱ्याची मिरवणूक या रस्त्याने जाते, देवराज मार्केट याच रस्त्यावर, म्हैसूरपाकाची दुकानं याच रस्त्यावर. सयाजीरावांशी आमचा काडीचा संबंध नसताना मी व्याह्यांना ही माहिती घरच्या माणसाबद्दल सांगावी तशी सांगितली. त्यांनीही ती ऐकून घेतली. त्यांचा जन्म त्याच रस्त्यामागच्या गल्लीत झाला होता.

पहिला मान अर्थातच अंबाविलासचा, म्हणजे मुख्य राजवाड्याचा. तो भाड्याने मिळत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, तरी भाचीला आत जाऊन कल्याणमंडप पाहायचा होता. आम्ही चपला काढल्या आणि आत गेलो.

कल्याणमंडप अष्टकोनी आहे. ओतीव लोखंडाचे उंच सडपातळ खांब, आणि वर रंगीत काचांचं छत. त्या छतात मोर आहेत, खाली फरशीतही मोर आहेत. छताची काच ग्लासगोहून आली, खांबांचं लोखंडही तिकडचंच. भिंतींवर दसऱ्याच्या मिरवणुकीची मोठमोठी चित्रं आहेत, त्यातला प्रत्येक माणूस खऱ्या माणसावरून काढल्यासारखा. आपल्याकडे मांडव म्हणजे बांबू, आंब्याच्या डहाळ्या आणि चार दिवसांनी उतरवायचं कापड. लग्नानंतर मांडवपरतणं असतं, तेव्हा कुठे घर मोकळं होतं. हा मांडव १९१२ पासून परतलेलाच नाही. २०१६ च्या जूनमध्ये यदुवीर वडियार यांचं डुंगरपूरच्या त्रिशिकाकुमारींशी लग्न झालं तेही याच राजवाड्यात. त्याआधी या घराण्यात राजाचं लग्न होऊन चाळीस वर्षं झाली होती.

गाइड कन्नड, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात बोलत होता. त्याने सहज सांगितलं की आधीचा राजवाडा लाकडाचा होता आणि तो लग्नात जळाला.

"लग्नात?" ताईने विचारलं.

"वेडिंग में. राजकुमारी का."

ताईने भाचीकडे पाहिलं. भाचीने छताकडे पाहिलं. मला मात्र त्या एका वाक्याने धरून ठेवलं, आणि पुढचे दोन दिवस मी त्याच गोष्टीच्या मागे होतो. गोष्ट अशी. महाराज चामराजेंद्र १८९४ च्या डिसेंबरात कलकत्त्याला वारले. मुलगा लहान, म्हणून महाराणी केंपनंजम्मण्णी राज्याचा कारभार पाहू लागल्या. १८९७ च्या फेब्रुवारीत थोरली मुलगी जयलक्ष्मम्मण्णी हिचं लग्न निघालं. लग्नाच्या धामधुमीत आग लागली आणि लाकडी राजवाडा गेला.

मी त्या बाईंचा विचार करत राहिलो. नवरा जाऊन जेमतेम दोन वर्षं, गादीवरचा मुलगा बारा वर्षांचा, घरात पहिलं कार्य आणि त्यात घरच जळालेलं. आपल्याकडे लग्नात आचारी वेळेवर आला नाही तर वधूपिता भिंतीला टेकून बसतो. या बाई बसल्या नाहीत. राजघराणं जगन्मोहन राजवाड्यात राहायला गेलं आणि महाराणींनी हेन्री आयर्विनला बोलावलं. सिमल्याचं व्हाइसरॉयचं निवासस्थान बांधणारा तोच हा आयर्विन. पंधरा वर्षांनी, १९१२ मध्ये नवा राजवाडा उभा राहिला, आणि या वेळी दगडाचा आणि लोखंडाचा. खर्च आला ४१ लाख ४७ हजार ९१३ रुपये. मला त्यातले शेवटचे तेरा रुपये फार आवडतात. लाखांच्या हिशेबात तेरा रुपये कोणीतरी लिहून ठेवले, म्हणजे हिशेबाची वही कोणा तरी मुलीच्या आईसमोर ठेवायची असणार.

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असं आपण म्हणतो. म्हणताना ते दोन वेगवेगळे ताप समजून म्हणतो. केंपनंजम्मण्णींनी हे दोन्ही एकाच्या पोटी एक केलं, आधी लग्न आणि त्यातून घर. आम्ही लग्नासाठी राजवाडा शोधत फिरत होतो आणि जो पाहायला आलो तो मुळात एका लग्नापायी बांधावा लागला होता. हे मी व्याह्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "इन्शुरन्स?"

त्या थोरल्या मुलीसाठी पुढे जयलक्ष्मीविलास नावाची हवेली बांधली, १९०५ साली. मधलीसाठी कारंजी हवेली, धाकटीसाठी चेलुवांबा हवेली. भाचीने यादीत तिन्ही नावं लिहून आणली होती. पण म्हैसूरच्या हवेल्यांचं असं आहे की त्या बहुतेक सरकारी नोकरीला लागल्या आहेत. कारंजी हवेलीत टपाल खात्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. चेलुवांबा हवेलीत अन्न तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे, १९५० पासून. जयलक्ष्मीविलास विद्यापीठाकडे गेली आणि तिथे लोककलांचं संग्रहालय झालं. तीन राजकन्यांच्या तीन वास्तू, आणि तिन्हींना पगाराची शाश्वती. आमच्या पिढीतल्या कुठल्याही आईबापाला हे ऐकून बरंच वाटेल. भाचीने यादीवर तीन काट मारल्या. अन्नसंशोधनाच्या आवारात लग्न झालं असतं तर निदान जिलबी कडक का होते याचं उत्तर तिथल्या तिथे मिळालं असतं, असं मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

मग ललितमहाल. हा खरोखर लग्नाला मिळतो, कारण १९७४ पासून तिथे हॉटेल आहे. गावाच्या कडेला, चामुंडीच्या टेकडीकडे तोंड करून उभा असलेला पांढराशुभ्र महाल. केंपनंजम्मण्णींचा तोच मुलगा, चौथे कृष्णराज वडियार, त्यांनी १९२१ मध्ये व्हाइसरॉयच्या मुक्कामासाठी त्याचा पाया घातला. आराखडा मुंबईच्या फ्रिचली या वास्तुविशारदाचा, आणि घुमट लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलवरून घेतलेला. आत संगमरवरी जिना आहे. तो जिना चढताना माणूस आपोआप सावकाश चढतो. ताईसुद्धा सावकाश चढली, आणि गुडघे दुखतात हे सांगायला विसरली. जुन्या काळची लिफ्ट आहे, तिला जाळीचं दार आहे आणि घाई नाही. नाचाच्या दालनात आता जेवणाची टेबलं मांडतात. मी एकटाच तिथे थोडा वेळ उभा राहिलो. नावातच ललित आहे म्हटल्यावर माझ्यासारख्याला तिथून निघवत नाही.

जागा उत्तम होती, त्यात शंका नाही. तरी मला तिथे एक गोष्ट जाणवली. व्हाइसरॉयसाठी बांधलेल्या घरात कोणीही गेलं तरी पाहुणाच दिसतं. भाची त्या जिन्यावर उभी राहिली, फोटो काढला, फोटो सुरेख आला, पण त्यात ती कोणाच्या तरी लग्नाला आल्यासारखी दिसत होती. मी हे बोललो नाही. मामाने लग्न ठरल्यावर काय बोलू नये याची एक यादी असते आणि ती मला बायकोने गाडीत पाठ करून घेतली होती.

तारखाही जुळत नव्हत्या. म्हणून आम्ही एका चौथ्या ठिकाणी गेलो. त्याचं नाव लिहीत नाही. शहराबाहेर, नारळीच्या बागेत, एका जुन्या जमीनदाराची कौलारू हवेली. भाची पाहताक्षणी हरखली आणि खरं सांगायचं तर मीही. पायरीवर दोन दगडी हत्ती, आत चौक, चौकात तुळस. व्यवस्थापक तरुण आणि नम्र होता. त्याने नारळपाणी दिलं आणि मग छापील कागद दिला.

त्यावर नियम होते. भिंतीला खिळा मारायचा नाही, हे ठीक. खांबाला केळीचे खुंट बांधायचे नाहीत, कारण चिकाचे डाग पडतात. हळदीचा कार्यक्रम फरशीवर करायचा नाही, मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये करावा. होम करायचा तर धूर न होणारा करावा. फुलांच्या रांगोळीखाली प्लास्टिक अंथरावं. सनई चालेल, ताशा चालणार नाही. सजावट त्यांच्याच माणसाकडून, आणि तिचे तीन लाख वेगळे. इथे मला राहवलं नाही. एकोजीराजांनी १६८७ साली अख्खं बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवरायाला विकायचा सौदा मांडला होता तो तीन लाखांचा, हे मी त्या मुलाला सांगितलं. "सर, दॅट वॉज विदाऊट फ्लॉवर्स," तो म्हणाला. मी त्याला मनातल्या मनात सलाम केला.

तोवर दोन्हीकडची मंडळी सगळं ऐकून घेत होती. लग्नाची बोलणी हिंदी-इंग्रजीतून चालत असल्यामुळे दोन्ही घरं एकमेकांशी फार सभ्यपणे वागत होती. कोणी कोणाला नाही म्हणत नव्हतं. नाही म्हणायला आपली भाषा लागते. मग भाचीने शेवटचा नियम वाचला. अक्षता टाकायच्या नाहीत. तांदूळ जुन्या फरशीच्या सांध्यात अडकतो आणि त्याला मुंग्या येतात. त्याऐवजी गुलाबाच्या पाकळ्या वापराव्यात, त्या हवेली पुरवील, शुल्क आकारून.

मुलाची आजी खुर्चीवर बसून होती. प्रवास झेपत नाही म्हणून जिच्यासाठी लग्न म्हैसूरला होतं ती हीच. सकाळपासून ती एक अक्षर बोलली नव्हती. तिने नातवाला विचारलं हा काय म्हणतोय, नातवाने कन्नडमध्ये सांगितलं, आणि आजी म्हणाली, "अक्षते इल्लदे मदुवेना?"

आम्हाला कोणालाच कन्नड येत नाही. पण अक्षता कळली, मदुवे म्हणजे लग्न हे एव्हाना ऐकून माहीत झालं होतं, आणि सूर तर थेट माझ्या आजीचा होता. ताई त्याच क्षणी मराठीत म्हणाली, "तेच म्हणते मी! अक्षतांशिवाय कसलं लग्न?" आजीला मराठी येत नव्हतं, पण तिने ताईचा हात धरला. मग दोघी आपापल्या भाषेत पाच-सात मिनिटं बोलत होत्या आणि मधे कोणालाही दुभाषा व्हायची गरज पडली नाही. मिशीवाले काकाही सामील झाले. त्यांचं म्हणणं, अंतरपाट दूर झाल्यावर वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरं आणि गूळ ठेवतात, त्या गुळालाही मुंग्या येतील, मग तोही बंद करणार का? व्यवस्थापकाने कागद परत घेतला आणि तो नीट घडी घालून खिशात ठेवला.

पुण्यात नाना फडणवीसांनी सवाई माधवरावांच्या लग्नात, १७८३ साली, कोणी कुठे बसायचं आणि वाढप्यांनी कसं वाढायचं इथपर्यंत याद्या काढल्या होत्या. तेव्हाही शनिवारवाड्यात नियम होतेच. पण ते पाहुण्यांच्या सोयीसाठी होते. फरशीच्या सोयीसाठी नियम ही नवी गोष्ट आहे. यात त्या हवेलीच्या मालकाचं चुकतं असंही नाही. जुनं घर सांभाळणं म्हणजे काय हे ज्याने कौलं शाकारून घेतली आहेत त्यालाच कळतं. जुन्या घरात लग्न करायची हौस आणि जुनं घर टिकवायची हौस या दोन हौशी एका छताखाली नांदत नाहीत, इतकंच.

दुपारी आम्ही जगन्मोहन राजवाड्यात गेलो. हाही यादीत होता, १८६१ चा. आग लागल्यावर राजघराणं राहायला आलं ते इथेच, आणि १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनसमोर कृष्णराज वडियारांच्या हाती राज्य सोपवण्याचा सोहळा झाला तोही इथेच. पण आम्ही तिथे पोचलो ते ठरवायला म्हणून नाही, नुसते दमून. आत चित्रसंग्रह आहे. रविवर्म्याची चित्रं पाहत पुढे गेलो तर एका अंधाऱ्या खोलीत ती उभी होती. हातात समई नाही, छोटा दिवा धरलेली बाई, दिव्याचा उजेड तळव्याने अडवलेला आणि बोटांतून झिरपणारा. सगळं जग हे चित्र रविवर्म्याचं समजतं. ते सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं आहे, आणि चित्रातली मुलगी त्यांची स्वतःची, गीता. पुढे लग्न होऊन ती कोल्हापूरला गेली, गीताबाई उपळेकर झाली, आणि २०१८ साली वयाच्या १०२ व्या वर्षी गेली.

"ही कोल्हापूरची?" ताई चित्रापुढून हलेना. "आणि इथे राजवाड्यात?"

"दिवाळीचा दिवा घेऊन नुसती उभी होती घरात," मी म्हणालो. "वडिलांनी पाहिलं."

भाची बराच वेळ त्या चित्रापुढे होती. बाहेर आल्यावर तिने विचारलं, त्या छत्राचं काय झालं, जे आजी म्हणत होत्या?

म्हैसूरकडे लग्नाच्या कार्यालयाला छत्र म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ताईला वाटलं हे लोक लग्न छत्रीखाली करतात. पण शब्द आपलाच आहे, अन्नछत्रातला. प्रवाशाला उतरायला आणि जेवायला जागा ते छत्र. गावात नंजराज बहाद्दूर छत्र नावाची मोठी जुनी वास्तूच आहे. आजीच्या मनात होतं ते मात्र अगदी साधं, घरामागच्या रस्त्यावरचं, मुलाच्या आईवडिलांचं लग्न झालं ते. भिंतींना गुलाबी ऑइलपेंट, स्टेजमागे लाल मखमलीचा पडदा, खिडक्यांना लोखंडी गज. हेरिटेज म्हणावं असं तिथे एकच होतं, भिंतीवरचं घड्याळ, आणि तेही बंद.

लग्न तिथेच झालं. मामा म्हणून मी भाचीच्या मागे उभा राहिलो. त्यांच्याकडेही वधूच्या मामाला मान असतो, त्याला सोदर मावा म्हणतात, त्यामुळे दोन्ही बाजूंनी मला सूचना मिळत होत्या आणि मी दोन्ही चुकवल्या. केळीचे खुंट दाराला बांधले, चिकाचे डाग पडले. जेवण केळीच्या पानावर. आधी मीठ, मग कोसंबरी म्हणजे आपली कोशिंबीरच, आणि शेवटी ओब्बट्टु आला तेव्हा आमच्याकडच्या मंडळींनी पुरणपोळी म्हणून टाळ्या वाजवल्या. तो रविवार होता. संध्याकाळी सगळे जण चालत राजवाड्यापुढच्या मैदानावर गेलो. सातला दिवे लागले, सुमारे लाखभर. दोन नवी माणसं त्या उजेडात उभी राहिली आणि तो फोटो भाचीने भिंतीवर लावला आहे. त्याचं भाडं पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान न्यायला छत्रात गेलो तेव्हा झाडणाऱ्या बाई हॉलच्या मधोमध बसल्या होत्या. त्यांनी कोपऱ्या-कोपऱ्यातून हळदकुंकवाच्या अक्षता गोळा केल्या होत्या. दोन सुपं भरली होती.